न दुखता लाल लघवी : उन्हाळी म्हणून सोडायची, की दुर्बीण करायची?

पैनगंगाकाठ
चैत्र-वैशाखात आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गोखरूचा काढा सुरू होतो. त्याला हरकत नाही. पण याच खात्यात लोक आणखी एक गोष्ट टाकून मोकळे होतात. लघवी लाल झाली, दुखलं-खुपलं काही नाही, दोन दिवसांत आपोआप साफ झाली. माणूस साठीच्या पुढचा आणि बिडी ओढणारा असेल तर ही मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, कर्करोगाची पहिली खूण असू शकते, आणि पुष्कळदा सुरुवातीला दुसरी कोणतीच खूण नसते.

दुखत नाही म्हणून काळजी नाही, असं इथं नसतं. थांबलं म्हणून बरं झालं, असंही नसतं. गाठीच्या पृष्ठभागावरची बारीक रक्तवाहिनी फुटते, रक्त येतं, गोठून बंद होतं. गाठ जागेवरच. पुढचं रक्त दोन महिन्यांनी दिसेल, नाहीतर वर्षानं.

माझं मत सरळ आहे. पंचेचाळिशीच्या पुढे डोळ्यांना दिसेल असं रक्त एकदा जरी आलं आणि त्याचं दुसरं पक्कं कारण सापडलं नाही, तर मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय विषय बंद करू नये. खेड्यातून हे कसं जमवायचं, आधी कोणती तपासणी, वेळ कुठं वाया जातो, यावर जाणकारांनी लिहावं.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन घाबरवता राजेहो? लग्नाच्या पंगतीत बीट खाल्लं तरी लघवी लाल होते. आता त्याच्यासाठीही नागपूरले जायचं काय?

काचपट्टी
@वऱ्हाडी_ठेचा, बीटवाल्याला नागपूरला जायची गरज नाही, गावच्या लॅबपर्यंत आलात तरी पुरे. बीटानं रंग येतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, तिथंही पेशी नसतात. म्हणून पहिली पायरी लघवीची साधी तपासणी, तीही लघवीत बुडवायच्या रंगपट्टीवर न थांबता सूक्ष्मदर्शकाखाली. पट्टी हिमोग्लोबिनला रंग बदलते. उन्हात अतिश्रम होऊन स्नायूंचा चुरा झाला तरी पट्टी 'रक्त' दाखवते आणि काचेवर एकही लाल पेशी सापडत नाही. ते दुखणं वेगळं, त्याची धाव किडनी वाचवण्याची.

नमुना असा द्यावा. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार स्वच्छ कोरड्या बाटलीत धरायची. बाईची पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकलायची. नमुना एक-दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. आमच्याकडे निम्मे नमुने इथंच बिघडतात. सकाळी सहाला बाटली भरायची, पिशवीत टाकायची, एसटीच्या खिडकीजवळ ४४ डिग्रीत दोन तास तापवायची आणि साडेनऊला काउंटरवर ठेवायची. तोवर जंतू वाढलेले असतात, लघवी अल्कधर्मी झालेली असते, लाल पेशी फुटून गेलेल्या असतात. रिपोर्ट येतो 'आरबीसी निल', म्हणजे लाल पेशी नाहीत, आणि घरचे म्हणतात, चला, सुटलो. नमुना लॅबमध्ये येऊनच द्या. लॅबच्या मागं मोरी असते, लाजू नका.

लॅबवाल्यानं साधारण १० मिली लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवून तळाचा गाळ ४० च्या भिंगाखाली पाहायचा असतो. एका क्षेत्रात ३ किंवा जास्त लाल पेशी म्हणजे सूक्ष्म रक्त आहे. फिरवण्याचं यंत्र बंद, म्हणून थेट थेंब टाकून 'निल' लिहिणारेही आहेत. विचारायला संकोच करू नका.

झाडीपट्टी
एक भर. पेशींचा आकारही लिहून मागा. वाकड्यातिकड्या, फुगे आलेल्या पेशी आणि सोबत प्रथिनं असली तर रक्त बहुधा किडनीच्या गाळणीतून आलेलं असतं. तो फिजिशियनचा विषय. गोल, एकसारख्या पेशी म्हणजे खालच्या वाटेतून, म्हणजे किडनीतली पोकळी, मूत्रनलिका, मूत्राशय, प्रोस्टेट (पुरुषातली मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी).

आणि गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडच्या लोकांसाठी मुद्दाम. सिकलसेलचा नुसता वाहक, म्हणजे ज्याच्या कार्डावर 'एएस' आहे, त्यालाही न दुखता लाल लघवी होऊ शकते. किडनीच्या आतल्या टोकांशी प्राणवायू कमी असतो, तिथं पेशी वाकतात, रक्तपुरवठा तुटतो आणि रक्त झिरपतं. पंचविशीतल्या पोराला असं झालं तर सिकलसेलची तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी आधी.

ओपीडी_नऊ_ते_एक
झाडीपट्टींचा मुद्दा बरोबर, पण त्याचा उलटा वापर होतो तेवढं सांगतो. साठीचा 'एएस' माणूस, रोज एक कट्टा बिडी, लघवीत रक्त. कुणीतरी कार्ड बघून म्हणतं, सिकलसेलचं असेल. असं नाही चालत. वय आणि बिडी असली की कार्ड काहीही सांगो, मूत्राशय पाहायचंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलमुळं रक्त आलं असं गृहीत धरतात. गोळी बऱ्याचदा नुसतं लपलेलं उघडं करते. गोळीवर असलेल्यालाही तपासण्या सगळ्या तशाच.

प्राथमिक केंद्रात आम्ही विचारायचे प्रश्न लिहितो, पेशंटनं उत्तरं तयार ठेवली तर पाच मिनिटं वाचतात. रक्त धारेच्या सुरुवातीला, शेवटी, की पूर्ण धारेत? सुरुवातीला असेल तर मूत्रमार्ग, शेवटच्या थेंबांना असेल तर मूत्राशयाचं तोंड किंवा प्रोस्टेट, पूर्ण धार लाल असेल तर मूत्राशय किंवा किडनी. गाठी पडल्या का? गांडुळासारख्या लांब गाठी वरून मूत्रनलिकेतून येतात, बेढब गोळे मूत्राशयातले. ताप, थंडी, कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ आहे का? बिडी-सिगारेट किती वर्षं? काम काय केलं? कोणत्या गोळ्या चालू? हे संकेत आहेत, निदान नव्हे. यावरून दुर्बीण टळत नाही, फक्त सोबत काय करायचं ते ठरतं.

आणि मोबाइलवर फोटो काढा. तुम्ही आमच्यापुढे येता तेव्हा लघवी पांढरी स्वच्छ असते. फोटो दाखवला की वाद संपतो.

गटप्रवर्तक_ताई
फोटोचं ठीक आहे डॉक्टरसाहेब, पण आधी लघवी दिसायला तर हवी. म्हातारी माणसं अजूनही वावराच्या धुऱ्यावर जातात, काळ्या मातीत रंग कुठं कळणार. घरी संडास आहे तिथं दिवा मिणमिणता, वर पाणी ओतून मोकळे. आम्ही आशांना सांगतो, पन्नाशीच्या पुढे आणि बिडीवाला असेल त्या घरी पांढऱ्या प्लास्टिकच्या मगात किंवा काचेच्या बाटलीत उजेडात कधीमधी बघायला सांगा. तपकिरी, काळ्या चहासारखी, मटण धुतलेल्या पाण्यासारखी, हे सगळं रक्तच असू शकतं. लालभडकच पाहिजे असं नाही.

दुसरं बायकांचं. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त, त्यामुळं बाईच्या लघवीतल्या रक्ताला कोणी गांभीर्यानं घेतच नाही. पाळीचं असेल, अंगावरून जातं असेल, गर्भपिशवीचं असेल, नाहीतर इन्फेक्शन. तीन-तीन वेळा गोळ्यांचा कोर्स देतात. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर ते लघवीतून आहे की अंगावरून, हे आधी पक्कं करा. स्वच्छ कापूस योनीमार्गाशी ठेवून लघवी करायची. कापूस कोरडा आणि लघवी लाल, तर रक्त लघवीतलंच. कापूस लाल असेल तर स्त्रीरोगाकडे, आणि तेही तातडीनंच.

औषधी_चिठ्ठी
ताईंनी 'गोळ्यांचा कोर्स' म्हटलं म्हणून लिहितो. काउंटरवर सगळ्यात जास्त घोळ हाच. चिठ्ठीशिवाय नॉरफ्लॉक्सासिन मागतात, सोबत रक्त थांबवायची ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडची गोळी मागतात. दोन दिवसांत लघवी साफ होते आणि सगळे खूश. साफ झाली ती आपोआपही झाली असती. वर त्या गोळीनं मूत्राशयात घट्ट गाठी बनून लघवी अडकायची भीती, ती वेगळी.

पुरुषाला इन्फेक्शन झालं असं म्हणायचं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, नमुना द्यायचा. कल्चरमध्ये जंतू आले, कोर्स पूर्ण झाला, तर काही आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासायची. रक्त गेलं नसेल, किंवा कल्चरच निगेटिव्ह असेल, तर पुढचं अँटिबायोटिक न घेता यूरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्ररोगाचा सर्जन.

मधुमेहाच्या पायोग्लिटाझोनबद्दल विचारतात. २०१३ च्या जूनमध्ये सरकारनं ती गोळी थांबवली होती, जुलैअखेर सूचना छापायच्या अटीवर परत आली. मूत्राशयाचा कर्करोग असलेल्याला, होऊन गेलेल्याला किंवा लघवीत कारण न कळलेलं रक्त असलेल्याला ती देत नाहीत. घरी डब्यात असेल तर डॉक्टरांना दाखवा, मनानं बंद करू नका.

वऱ्हाडी_ठेचा
बरं, बिडी बिडी काऊन लावलं? आमच्याकडे तं सगळे खर्रा खातात. खर्रेवाले सुटले म्हणायचे काय?

दुर्बीण_विभाग
खर्रेवाले, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळणारे, तोंडाच्या कर्करोगात अडकतात, तिथं त्यांची रांग मोठी आहे. मूत्राशयाचा मुख्य संबंध धुराशी. धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं फुप्फुसातून रक्तात जातात, किडनी ते गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते. अस्तराला रोजचं हे भिजणं भोवतं. मूत्राशयाच्या कर्करोगाचे जवळपास निम्मे पेशंट धूम्रपानाशी जोडता येतात. सोडल्यावर धोका उतरतो, पण वीस वर्षांनंतरही कधीच न ओढणाऱ्याइतका होत नाही. म्हणून 'दहा वर्षांपूर्वी सोडली' हे उत्तर आम्ही 'हो' मध्ये धरतो.

१८९५ मध्ये जर्मनीत लुडविग रेन या सर्जननं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा आजार टिपला, तेव्हापासून कामाचा प्रश्न विचारला जातो. कापड-चामड्याचे रंग, रबर, रंगारी काम. संपर्क आणि गाठ यात वीस-पंचवीस वर्षं जाऊ शकतात. सुरत, भिवंडीला तरुणपणी रंगाईत काम करून गावी परतलेले लोक विदर्भात कमी नाहीत. आता शेती करतो म्हणून तो भाग सांगायचा राहून जातो.

धुऱ्यावरचा
फवारणीचं काय? आमच्या भागात लोक सगळ्या कॅन्सरचं खापर औषधावर फोडतात.

दुर्बीण_विभाग
वेगवेगळं ठेवायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणाऱ्यांना झाली ती तीव्र विषबाधा, श्वासातून आणि कातडीतून. तिचा या आजाराशी संबंध नाही. सोयाबीनवर मारतात त्या इमाझेथापायर तणनाशकाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी दुवा अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्यांच्या पाहणीत दिसला होता, पण दुवा दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेनं फवारणी हे तसंही पाळायचंच. बिडी ओढत ओढत 'तणनाशकानं होते म्हणे' असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

पाण्याचाही प्रश्न येणारच म्हणून आधीच लिहितो. आर्सेनिक हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. फ्लोराइड नाही, आणि खारपाणपट्ट्यातला खारेपणाही नाही. फ्लोराइडनं दात-हाडं जातात, तो त्रास आपल्या जागी खरा.

वैद्य_पूर्णाकाठ
जडीबुटीबद्दल मीच बोलतो, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. गोखरू, वाळा, धने यांनी जळजळीला आराम मिळतो, त्यांनी गाठ जात नाही. पण ईश्वरी आणि किडामार या वनस्पती काढ्यात टाकणारे आहेत. किडामार काळ्या रानात तणासारखी उगवते, फुकट मिळते. दोन्हींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्यानं किडनी निकामी होते आणि मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग होतो, विशेषतः वरच्या भागात. पोटात अजिबात घेऊ नये. जुन्या पोथीत आहे म्हणून सुरक्षित, हा युक्तिवाद इथं चालत नाही.

नागपूरकर_पाहुणा
आफ्रिकेत म्हणे गोगलगायीतल्या कृमीनं होतो. आपल्या तलावात पोहलं तर?

काचपट्टी
तो शिस्टोसोमा. इजिप्तकडे मूत्राशयाच्या कर्करोगाचं मोठं कारण होता. महाराष्ट्रात त्याची जुनी नोंद रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावची, १९५२ च्या सुमाराची. बोर तलावात पोहा खुशाल, मगर नसेल तर.

चित्रलहरी
मूळ मुद्द्यावर येऊ. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो 'सोनोग्राफी नॉर्मल' या दोन शब्दांवर.

सोनोग्राफीत सेंटिमीटरच्या आसपासची, आत डोकावणारी गाठ बहुतेक वेळा दिसते. पाच मिलीमीटरच्या आतली सुटते. मूत्राशयाच्या पुढच्या भिंतीवरची किंवा तोंडाजवळची सुटते. चपटा कर्करोग, जो अस्तरावर लाल मखमलीसारखा पसरतो, तो तर दिसतच नाही, आणि तोच प्रकार आक्रमक असतो. शिवाय मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर भिंतीच्या वळ्या एकमेकींवर पडतात. रिपोर्टात 'ब्लॅडर पार्शली डिस्टेंडेड' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ मूत्राशय धड पाहता आलेलं नाही. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन, लघवी दाबून या. मशीनवर नंबर लागेपर्यंत धीर सुटला तर सरळ सांगा, पुन्हा भरू. अर्धवट करून रिपोर्ट घेऊ नका.

आत काही दिसलं तर कूस बदलून बघतात. रक्ताची गाठ सरकते, कर्करोगाची गाठ भिंतीला धरून राहते आणि कलर डॉप्लरमध्ये तिच्यात रक्तप्रवाह दिसतो. पुरुषात प्रोस्टेटचा मधला भाग आत घुसलेला असतो, तोही गाठीसारखा भासतो. किडनीला सूज दिसली तर मूत्रनलिकेचं तोंड गाठीनं दाबलं असण्याची शक्यता, ती लवकर कळवायची गोष्ट.

नंतर सीटी यूरोग्राफी करतात ती वरची वाट, म्हणजे किडनीची पोकळी आणि नलिका बघायला. तिला कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, लागतं, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. सीटी केली म्हणून दुर्बीण टळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
दुर्बीण म्हटलं की माणूस दवाखान्याच्या गेटातूनच वापस पळते. कुठून घालतात ते सांगा आधी, तं लोक तयार होतील.

दुर्बीण_विभाग
लघवीच्या वाटेनंच. पुरुषात आधी लिग्नोकेनची जेली आत सोडतात, काही मिनिटं थांबतात, मग वाकणारी बारीक दुर्बीण. पाहण्याचं काम पाच-दहा मिनिटांचं. भूल देऊन झोपवायची गरज बहुधा नाही. प्रोस्टेटच्या वळणापाशी जोर न करता, लघवी सोडल्यासारखं अंग सैल ठेवलं की निम्मा त्रास कमी. घरी गेल्यावर दिवसभर जळजळ आणि गुलाबी लघवी होते, भरपूर पाणी प्या. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर परत या. ताठ दुर्बिणीची पद्धत असेल तिथं कंबरेखाली भूल देतात. आधी लघवीत जंतू असतील तर ते बरे केल्याशिवाय घालत नाहीत, म्हणून कल्चरचा रिपोर्ट सोबत ठेवा.

सोबत लघवीची पेशीतपासणी सांगतात. ती सकाळच्या पहिल्या लघवीची देऊ नका, रात्रभर साठून पेशी कुजतात. दुसऱ्या वेळची ताजी द्या. आक्रमक पेशी ती चांगल्या पकडते, सौम्य गाठीच्या पुष्कळ सोडते. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आली तर शोधच घ्यायचा, 'निगेटिव्ह' आली तर खात्री मिळत नाही.

ओपीडी_नऊ_ते_एक
एक खूण रक्ताशिवायची आहे, ती कोणी लिहिली नाही. वारंवार, घाईची, जळजळणारी लघवी. कल्चर निगेटिव्ह. वय साठ, बिडी. सहा महिने प्रोस्टेटची टॅमसुलोसिन खातोय, काही फरक नाही. वर चित्रलहरींनी सांगितला तो चपटा कर्करोग असाच वागतो. किंवा मूत्रमार्गाचा टीबी. त्यात लघवीत पू-पेशी असतात पण साध्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. दोन्हींच्या वाटा वेगळ्या, पण दोन्हींत अंदाजानं अँटिबायोटिकचा मारा करणं चुकीचं.

कंबरदुखी, पायाला सूज, हाडं दुखणं, वजन उतरणं या उशिराच्या खुणा. त्यांची वाट बघायची नसते.

गटप्रवर्तक_ताई
आणि लघवीची नळी लावून वर्षानुवर्षं पडून असलेले, झाडावरून पडून लुळे झालेले? त्यांच्या नळीच्या पिशवीत रक्त आलं की घरचे म्हणतात नळी ओढली गेली असेल.

दुर्बीण_विभाग
चांगला प्रश्न. कायमची नळी, जुना मूत्रखडा, सततचा जंतुसंसर्ग यांनी अस्तर बदलतं आणि वेगळ्या प्रकारचा, स्क्वॅमस कर्करोग होतो. नळी ओढली गेल्याचं रक्त एक-दोन दिवसांत जातं. पुन्हा पुन्हा आलं, नळी वरचेवर तुंबायला लागली, लघवीला वेगळीच घाण सुटली, तर त्यांनाही दुर्बीण.

नळीवरून आठवलं. गाठी पडून लघवी पूर्ण अडकली तर ती तातडी आहे, रात्र काढायची नाही. ग्रामीण रुग्णालयात १४ किंवा १६ नंबरची साधी नळी घालतात, ती पाच मिनिटांत गाठीनं बंद होते. लागते २० ते २४ नंबरची, तीन तोंडांची. आधी ५० मिलीच्या सिरिंजनं सलाइन आत मारून गाठी ओढून काढायच्या, धार गुलाबी झाली की मग सलाइनची बाटली थेंबथेंब लावायची. गाठी न काढता नुसती बाटली सुरू केली तर मूत्राशय ताणून फुटू शकतं. तशी नळी नसेल तर वेळ न घालवता पुढं पाठवावं.

धुऱ्यावरचा
समजा गाठ निघाली. पुढं लघवीची पिशवीच काढतात ना? गावात तसंच बोलतात, आणि म्हणूनच कोणी जात नाही.

दुर्बीण_विभाग
नाही. चारांत तीन पेशंटांत गाठ अस्तरापुरतीच असते, स्नायूत उतरलेली नसते. ती लघवीच्या वाटेनंच, पोट न फाडता खरवडून काढतात. टीयूआरबीटी म्हणतात. लवकर सापडण्याचा सगळा फायदा इथंच आहे.

बायोप्सीच्या रिपोर्टात एक ओळ शोधा. तुकड्यात स्नायू आला आहे का, आणि त्यात कर्करोग आहे का. 'मसल नॉट सीन' लिहिलं असेल तर गाठ किती खोल आहे ते ठरलेलंच नाही. आक्रमक गाठीत किंवा अस्तराखाली उतरलेल्या गाठीत दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा खरवडून बघतात. हा दुसरा फेरा म्हणजे पहिल्यात काही बिघडलं असं नाही, ती पद्धतच आहे. पण लोक इथंच दवाखाना बदलतात, बायोप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक न घेता.

धोका जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात. बाळाच्या दंडावर देतात तीच टीबीची लस, मात्रा मोठी. आठवड्याला एक असे सहा डोस, पुढं देखभालीचे. दोन तास आत धरायचं. नंतरचे सहा तास लघवी संडासातच, बसून करायची, त्यावर ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी टाकायचं. म्हणजे त्या दिवशी धुऱ्यावर जायचं नाही. लघवीत लाल रक्त असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा नळी घालताना जखम झाली असेल तर डोस पुढं ढकलतात. हट्ट धरू नका.

पिशवी काढणं, आधी केमो, किंवा पिशवी ठेवून रेडिएशन-केमो, हा विचार गाठ स्नायूत गेल्यावर. आणि ही गाठ परत परत उगवणारी आहे. पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी, धोका जास्त असेल तर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी. सोयाबीन काढणी आहे म्हणून ती तारीख चुकवू नका.

पैनगंगाकाठ
उत्तम माहिती. आता नेमकं कुठं जायचं? तालुक्याला दुर्बीण नाही.

ओपीडी_नऊ_ते_एक
लघवी, कल्चर, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन तालुक्यापर्यंत उरका. सोनोग्राफी जिथं मिळेल तिथं, नाही मिळाली तर तिच्यासाठी अडून बसू नका. यूरोलॉजी नागपूरला सुपर स्पेशालिटी आणि एम्समध्ये आहे, वर्ध्याला सावंगीत, अमरावतीला सुपर स्पेशालिटीत. कर्करोगाचं पुढचं, रेडिएशन वगैरे, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात. ओपीडीचा वार आधी फोन करून विचारा, चुकीच्या वारी जाणं हा निम्म्या गळतीचा उगम आहे.

चिठ्ठीवर 'लघवीचा त्रास' असं लिहून घेऊ नका. 'न दुखता डोळ्यांना दिसणारं रक्त, वय इतकं, बिडी इतकी वर्षं' असं लिहून घ्या. न दुखता आलेल्या अशा रक्तात दहांतल्या एक-दोघांना कर्करोग निघतो. उरलेल्यांत खडा, प्रोस्टेट, इन्फेक्शन. म्हणजे बहुतेक लोक सुटका होऊनच परत येतात, हेही घरच्यांना सांगा.

औषधी_चिठ्ठी
रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड मूळ न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि ती शस्त्रक्रिया बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. भरती झाल्यावर पैसे भरून मागाहून योजनेत टाकायला गेलं की अडचण येते. हेल्पलाइन १५५३८८. एसटीत ७५ वरच्यांना फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांनाही अर्धं.

वऱ्हाडी_ठेचा
बरं बाप्पा, मानलं. एकच राह्यलं. आमच्याकडे एक जण साठीचे, बिडीवाले, मागच्या पोळ्याले एकदा लाल झाली होती, तवापासून एकदम साफ. आता लघवी तपासली अन् निल आली तं जायचं काय नाही?

दुर्बीण_विभाग
जायचं. दिसणारं रक्त एकदा येऊन गेलं असेल तर आजची 'निल' लघवी मोजत नाही. थेट यूरोलॉजी ओपीडी, आणि पोळ्याला झालेली गोष्ट चिठ्ठीवर महिन्यासकट.

वऱ्हाडी_ठेचा
सोमवारी पाठवतो. बिडीचा कट्टा घरी ठेवून.

काचपट्टी
कट्टा कायमचाच ठेवा. आणि नमुना भरून नेऊ नका, सांगा त्यांना, तिथंच द्या.